आप्पांनी पारखून घेतलेली सायकल

सायकलचा टायर घेण्याआधी त्याचा वास घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुकानदारानं टायर पुढे केला की हे गृहस्थ तो बोटांनी चोळायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि परत द्यायचे. "ह्यात काय तरी हाय," एवढंच म्हणायचे. काय आहे ते कधीच सांगायचे नाहीत. सांगितलं तर दुकानदार पुढच्या वेळी ते लपवायला शिकेल, अशी त्यांची खात्री होती.

हे आमचे निपाणीचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. हयात तंबाखूच्या वखारीत गेलेली. शेतकरी गाड्या भरून माल आणायचे. वजन वाढावं म्हणून कुणी त्यावर पाणी मारायचं, कुणी माती मिसळायचं. ती लबाडी पकडणं हे आप्पांचं काम. चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळायची, हुंगायची आणि गाडी बाजूला काढायची. इतकी वर्षं ज्याला फक्त खोट शोधायचाच पगार मिळाला, त्याला निवृत्तीनंतर जग एकाएकी खरं कसं वाटावं? आप्पांना ते वाटलं नाही.

घरात दोन घड्याळं होती, एकमेकांवर नजर ठेवायला. महिन्यातून एकदा आप्पा घरातले सगळे दिवे मालवून विजेच्या मीटरसमोर बसत आणि त्याचं चक्र चोरून फिरतं का ते बघत. दूधवाला दूध घालून गेला की पातेल्यात बोट बुडवून ते नखावरून ओघळताना निरखत. रेडिओवर उद्या पाऊस सांगितला तर म्हणत, "असं त्यो म्हणतो." डॉक्टरांनी ताप उतरल्याचं सांगितलं तरी तेच, आणि भाच्यानं पत्रातून खुशाली कळवली तरी तेच. पुढे बऱ्याच वर्षांनी ते शेवटच्या आजारात बेळगावला दवाखान्यात होते, तेव्हा मी भेटायला गेले. हाताला सलाइन लावलेलं आणि नर्सला सांगत होते, बाटली जरा उजेडाकडं धर बघू.

त्यांच्या थोरल्या बहिणीला आम्ही आक्का म्हणायचो. नवरा लवकर गेला आणि त्या भावाकडे आल्या त्या कायमच्या. आक्कांचा कुणावरही विश्वास बसायचा, अगदी दारावर आलेल्या भांडीवाल्यावरसुद्धा. दोघं एका घरात कशी राहिली हे कोडं मला सुटलं नाही.

खोली बघायला मी त्यांच्याकडे गेले ते सत्तरच्या दशकातले दिवस. मी नुकतीच शिक्षिका झालेली. निपाणीत त्याआधी बऱ्याच ठिकाणी विचारून आले होते. माझं आडनाव ऐकलं की खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असायची. आम्ही बेळगावातल्या अनगोळचे, बौद्ध. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. घरात सरकारी पगार आणणारी मी पहिलीच.

आप्पांनी आडनाव विचारलं, ऐकलं, आणि लगेच पुढचा प्रश्न केला की स्टोव्ह वापरणार की चूल? भिंतीला खिळे मारणार का? रात्री दिवा कुठवर जाळणार? शिक्षिका आहात, तर तसा कागद? नेमणुकीचा कागद त्यांनी अंगणात नेऊन उन्हात धरला आणि शिक्का खरा आहे का ते उलटसुलट पाहिलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण घरी परतताना बसमध्ये लक्षात आलं, की ह्या माणसाला माझ्या जातीचा संशय नाही, माझाच आहे. आणि तोही उरलेल्या जगापेक्षा रतीभर जास्त नाही. निपाणीत मला सगळ्यांच्या बरोबरीनं वागवणारा हा पहिला माणूस. मी खोली घेतली.

माझी शाळा तवंदी घाटाच्या पलीकडच्या एका गावात होती. सकाळची बस वेळेवर आली तर मी वेळेवर, आणि बस तर तिच्या मर्जीची. कधी भरलेली म्हणून थांबायची नाही, कधी घाटात वाफा सोडत उभी राहायची. चिकोडीहून तपासणीला येणाऱ्या साहेबांनी मला दोनदा उशिरा पकडलं. दुसऱ्या वेळी शांतपणे सांगितलं, की दिवाळीच्या सुट्टीनंतर आणखी एकदा असं दिसलं तर नोकरी कायम करण्याची शिफारस मी करणार नाही. वडिलांचे हात तोवर खडीनं निकामी झाले होते आणि धाकटा भाऊ शाळेत होता. ती नोकरी गेली असती तर अनगोळच्या घरात चूल पेटली नसती, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा सायकल घ्यायचं ठरलं. ठरवलं मी, पण त्याच संध्याकाळी ते आप्पांच्या ताब्यात गेलं.

माझ्या ऐपतीत नामांकित कंपनीची तयार सायकल बसत नव्हती. पण आप्पांना तिच्याबद्दल बोलायचंही नव्हतं. त्या वेळी सायकल सुट्या भागांनी मिळायची आणि दुकानातला मिस्त्री ती जोडून द्यायचा. आप्पांचं म्हणणं असं, की सगळे भाग एकाच दुकानात घेतले तर दुकानदाराला आपल्याला फसवायला भरपूर जागा मिळते. वेगवेगळ्या ठिकाणी घेतले तर प्रत्येकाला थोडं थोडंच फसवता येतं. पैसा कुठे घालायचा ह्याचाही त्यांनी नियम केला. "दिसतंय ते स्वस्त घ्यायचं, फिरतंय ते चांगलं घ्यायचं. आनि थांबवतंय त्यात काटकसर करायची न्हाय." म्हणजे रंग, घंटी, चाकावरचे पत्रे, सीट हे सगळं जुनं चालेल, चेन, रिंगा, चाकांच्या आसातले छर्रे नवे, आणि ब्रेक सगळ्यात भारी. मी पुढे आयुष्यभर बरीच खरेदी केली, घरसुद्धा बांधलं, पण ह्याहून चांगला सल्ला मला मिळालेला नाही.

पहिलं भांडण झालं ते सांगाड्यावरून. मी साडी नेसणारी, तेव्हा मला मधला आडवा दांडा नसलेली लेडीज सायकल हवी. आणि ती जास्त महाग होती. आप्पांना हे काही केल्या पटेना. एक दांडा काढून घेतला आणि वर पैसे जास्त मागतोस, तर तो दांडा गेला कुठं, असं त्यांनी निपाणीतल्या प्रत्येक दुकानदाराला विचारलं. दुकानदार आधी हसले, मग चिडले, मग आप्पा येताना दिसले की आत जाऊन बसू लागले.

शेवटी सांगाडा मिळाला बेळगावला. अनगोळला आमच्या घराजवळ एक निवृत्त नर्सबाई राहायच्या, त्यांची जुनी सायकल विकायची होती. मी आप्पांना घेऊन गेले. त्यांनी सायकलीला हात लावण्याआधी विचारलं, "का विकतासा?" बाईंनी चष्म्यावरून बघून विचारलं, "तुम्ही का घेताय?" आप्पा म्हणाले, ह्या बाईंना शाळेला जायचंय. बाई म्हणाल्या, मग त्या बोलू देत, तुम्ही मध्ये कोण? मग आप्पांनी खिशातून सुतळी काढली, पुढे हँडलखालच्या नळीपासून मागच्या चाकाच्या खाचेपर्यंत दोन्ही बाजूंनी ताणून धरली आणि दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का ते पाहिलं. सांगाडा कधी कुठं आदळून वाकलेला असला तर सुतळी सांगते. बाईंनी ती सुतळी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः ताणून पाहिली, हा माणूस मुद्दाम वाकडी धरून भाव पाडतोय की काय म्हणून. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता आणि दोघंही मनातून खूश दिसत होते. येताना आप्पा म्हणाले, "बाई शानी हाय."

चाकं मोडकी होती, ती तिथंच सोडली. चेन आधी निपाणीत पाहिली होती. आप्पांनी ती हातात आडवी धरून लोंबते किती ते पाहिलं आणि नकली म्हणून परत केली. आता बेळगावच्या एका घाऊक दुकानात त्यांना पसंत पडेल अशी चेन मिळाली. दुकानदाराशी ते कानडीतून घासाघीस करत होते आणि मध्येच वळून माझ्या कानात मराठीतून सांगत होते, ह्याला माल खपवायची घाई दिसतीया. दुकानदार मराठी शाळेत शिकलेला असावा, कारण तो मराठीतच म्हणाला, घाई न्हाय आप्पा, निवांत बघा, निपाणीला माल आम्हीच पाठवतो, तिथं बघितलासा ती चेन हीच. आप्पांनी पैसे दिले, बाहेर आले आणि म्हणाले, "असं त्यो म्हणतो."

खरी करामत दातांची होती. घाट चढायचा तर पुढचं दातेरी चक्र लहान आणि मागचं मोठं हवं, म्हणजे सायकल हळू जाते पण पाय भरून येत नाहीत. असं मोठं मागचं चक्र बर्फवाले आणि दुधाचे कॅन नेणारे बसवायचे. दुकानदार म्हणाला, ह्यावर बसून बाई सपाटीला नुसत्या पाय मारत राहतील, माणूस चालत पुढं जाईल. आप्पा म्हणाले, जाऊ दे, बाईंना कुनाशी शर्यत लावायची न्हाय.

रिंगा आणि टायर कोल्हापूरहून आणले. निपाणीच्या वेशीवर तेव्हा जकात नाका होता आणि नव्या मालावर जकात पडायची. आप्पांनी वाटेत बस थांबली तिथं ओहोळाकाठी उतरून नव्याकोऱ्या टायरांना चिखल फासला, जुने वाटावेत म्हणून. नाक्यावरचा कारकून टायरांकडे बघत राहिला. ऑक्टोबरच्या उन्हात सगळा रस्ता धुळीचा, चिखल आणला कुठून, असं त्यानं विचारलं. जकात भरावी लागली. शिवाय पोत्यात आणखी काय आहे म्हणून सगळं सामान उचकटून दाखवावं लागलं, त्यात आमची बस गेली. उरलेली वाट आम्ही एकेक रिंग आणि टायर खांद्याला लावून चालत आलो, आणि आप्पा वाटभर ती पावती खरी की खोटी ह्याचा विचार करत होते.

गल्लीत एव्हाना कुजबुज सुरू झाली होती. म्हाताऱ्याला दुकानदारांकडून दलाली मिळते, नाहीतर परक्या बाईसाठी कोण एवढा झिजतो, असं शेजारणीनं मला नळावर सांगितलं. मला ते खरं वाटू लागलं होतं. त्यांच्या घरात राहून मीही शाळेतला खडू मोडून बघायला लागले होते, तर आप्पांकडे का बघू नये? पण सायकल जोडायला ज्या मिस्त्र्याकडे दिली, त्याच्याकडे मी आप्पांना सकाळपासून खोक्यावर बसलेलं पाहिलं. प्रत्येक भागावर त्यांनी खिळ्यानं बारीक खूण केली होती, बदलला तर कळावा म्हणून. मिस्त्री छर्रे ग्रीसमध्ये बसवताना हे त्याच्या मांडीपर्यंत वाकायचे. मिस्त्र्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, ह्यास्नी घरी न्यायचं काय घेशीला?" ज्याला दलाली मिळते त्याला दुकानदार असं वागवत नाहीत. माझा संशय तिथं संपला.

सायकल झाली. दिसायला कुणीही हसावं अशी. सांगाडा हिरवा, पत्रे काळे, सीट फाटकी. पण चाक उचलून फिरवलं की आवाज न करता फिरत राहायचं आणि ब्रेक दाबला की जागच्या जागी थांबायचं. सुट्टीचे थोडेच दिवस उरले होते आणि मला सायकल चालवता येत नव्हती.

शिकवायचं आप्पांनीच घेतलं. वखारीमागं तंबाखू वाळवायचं पटांगण होतं, ते तेव्हा मोकळं असायचं. मी सीटवर, आप्पा मागे कॅरिअर दोन्ही हातांनी धरून. मी पाय मारायची, ते पळायचे. आक्का वखारीच्या पायरीवर बसून बघायच्या, लोकांनी काही बोलू नये म्हणून. असे बरेच दिवस गेले आणि मला तोल काही येईना. येणार कसा? आप्पा सोडतच नव्हते. मी झुकले की ते सायकल उभी करायचे, मी सरळ झाले तरी घट्ट धरलेलेच. सोडा म्हटलं की म्हणायचे, न्हाय.

शेवटी एक दिवस मी उतरून उभी राहिले. मला रडू येत होतं. म्हटलं, "आप्पा, तुम्ही असंच धरून ठेवलंत तर माझी नोकरी जाईल."

"आनि सोडल्यावर पडलासा, हात मोडला, तर फळ्यावर काय पायानं लिवनार?"

तेव्हा आक्का पायरीवरून म्हणाल्या, "त्यो सोडायचा न्हाय बाई. त्याला तरी कुटं येतीया सायकल?"

मी आप्पांकडे पाहिलं. छर्रे, सुतळी, दातांची चक्रं, सगळं ज्यांना ठाऊक, ते आप्पा कधी सायकलवर बसलेच नव्हते. ते पटांगणाकडे बघत होते. मग सांगायला लागले. लहान असताना चुलत्याच्या पोरानं भाड्याची सायकल आणून त्यांना शिकवायला घेतलं होतं. "मागनं धरलंय, धरलंय म्हनत हुता. मी चालवत हुतो. मागं बघितलं तर त्यो लांब उभा, हसतोय. तवा पडलो. पडल्याचं काय न्हाय बाई. पर त्यो धरलंय म्हनत हुता."

मी म्हटलं, आप्पा, सगळे असंच शिकतात. मागचा माणूस धरलंय म्हणतो आणि सोडतो. शिकवायची रीतच ती आहे. ते म्हणाले, "मग ती रीत खोटी हाय. मी धरलंय म्हनलं की धरलंय." दुसऱ्या दुपारी ते झोपल्यावर मी एकटीच पटांगणात गेले, थोडी चालवली, आपटले, ढोपर फोडून घेतलं. पायडलवर एक ओरखडा आला तेवढा. आप्पांनी संध्याकाळी तो पाहिला आणि माझ्या ढोपराकडेही पाहिलं.

शाळा उघडली त्या सकाळी मी सायकल हातात धरून निघाले. गावातून बसून जायचं धाडस नव्हतं. आप्पा डोक्याला पटका बांधून बरोबर आले. घाटाच्या पायथ्याशी मी सीटवर बसले आणि त्यांनी मागे कॅरिअर धरलं. ती दातांची चक्रं तिथं कामाला आली. सायकल इतकी हळू चढत होती की म्हातारा माणूस मागे चालत येऊ शकत होता. अवघड वळणावर मी उतरायची, पुढे पुन्हा बसायची. शेजारून ट्रक गेला की कॅरिअरवरची पकड घट्ट व्हायची, ते मला सीटमधून कळायचं. त्यांचा श्वास ऐकू येत होता, चढाला मोठा झालेला. मी घरी जा म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

माथ्यावर रस्ता सपाट झाला. गाव अजून दूर होतं आणि उन्हं वर आली होती. बस आमच्या मागून कधी येईल आणि पुढे निघून जाईल ह्याची मला धास्ती होती. मी पाय मारायला लागले. सायकल जरा वेगात आली. मी विचारलं, "आप्पा, धरलंय न्हवं?"

"धरलंय, धरलंय. तुमी फुडं बघा."

मी पुढे बघितलं. हँडल थोडं डगमगलं आणि सरळ झालं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.

"धरलंय." आवाज बराच मागून आला होता, वाऱ्यावरून आल्यासारखा बारीक.

मला कळलं. पाय मात्र थांबले नाहीत. मागे वळले असते तर पडले असते, आणि त्यांना एवढं जे बोलावं लागलं ते फुकट गेलं असतं. मी वळले नाही. शाळेचं दार मी स्वतः उघडलं, मुलं येण्याआधी. साहेब त्या दिवशी आले नाहीत, पुढच्याच आठवड्यात आले, तेव्हा फळ्यावर तारीख लिहून झाली होती. नोकरी कायम झाली.

पण मी सांगतेय ते त्या पहिल्या संध्याकाळचं. मी घरी आले तेव्हा आप्पा अंगणात पाय पाण्यात सोडून बसले होते. आक्का त्यांच्या तळव्यांना तेल लावत होत्या. त्यांनी सायकल जवळ घ्यायला लावली, ब्रेकनं तापलेल्या रिंगेला हात लावला आणि उतारावर चालत न येता बसून आलासा, म्हणून मला चार शब्द सुनावले. एकेका भागावरची खूण तपासली, शाळेत कुणी काही बदललं तर नाही ना. सगळं झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "आप्पा, कुठं सोडलंत मला?"

त्यांनी पाण्यातले पाय हलवले.

"मी न्हाय सोडलं पोरी," ते म्हणाले. "तू फुडं गेलीस."